गाऱ्हाणे कोठे घालावे?

(जुन्नर तालुक्यातील एका खेड्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका गावशिक्षकाने केलेले भाषण)



बाजाराचा दिवस टाकून तुम्ही इतकी मंडळी येथे बसलात, यावरून एक तर आमच्या भाषणाची तुम्हास आवड असावी, नाही तर बाहेर ऊन फार असावे. दुसरेच खरे असणार. तरी ऊन उतरेपर्यंत आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

आम्ही वकील नव्हे की पुढारी नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयात शिकून शाळेवर लागलो, त्यास वीस वर्षे होऊन गेली; आणि या वीस वर्षांत जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांबाहेर आमची बदली झाली नाही. खेड्यातल्या मास्तराला दिवसाची एक शाळा असते आणि संध्याकाळची दुसरी. दिवे लागले की ओट्यावर कोणी ना कोणी पिशवीतला कागद काढून बसतो. कोणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या बापाचेच नाव अजून चाललेले, कोणाच्या विहिरीवर वीज नाही, कोणाचे निराधाराचे पैसे सहा महिने बंद, कोणाच्या घरकुलाचा हप्ता अडलेला. “गुरुजी, एवढं वाचा, आन् काय करायचं ते सांगा.” वाचून तर आम्ही दाखवतो, परंतु काय करायचे, हे पुष्कळ वर्षे आम्हालाही ठाऊक नव्हते. ठाऊक नसून ठाऊक असल्यासारखे सांगत होतो, हा त्याहून मोठा अपराध. त्या अपराधाची कबुली द्यावी, म्हणूनच आज तुमच्यापुढे उभे राहिलो आहोत.

आमच्या गावात कुंभाराचे एक घर आहे. स्टील आणि प्लास्टिक आल्यापासून मडक्यांना गिऱ्हाईक उरले नाही. उन्हाळ्यात माठ आणि संक्रांतीला सुगडी, एवढ्यावर त्यांचे चाक फिरते. म्हणून त्या घराने शेळ्या पाळल्या. आपल्याकडे ऊस वाढला तसा उसातला बिबट्याही वाढला, हे तुम्हास सांगायला नको. एका रात्री त्याने गोठ्याची जाळी फाडून तीन शेळ्या मारल्या. त्यांतल्या दोन गाभण होत्या. सकाळी सरकारी माणसे आली, पंचनामा झाला, अंगठे घेतले, फोटो काढले, आणि भरपाई मिळेल असे सांगून ती माणसे निघून गेली.

मग हेलपाटे सुरू झाले. आज साहेब फिरतीवर, उद्या साहेब मीटिंगला, परवा “तुमचा कागद वर गेला आहे.” हा ‘वर’ म्हणजे कोठे, हे त्या माउलीला चौदा महिन्यांत कोणी सांगितले नाही. दर खेपेस एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा रोज बुडायचा. तीन शेळ्यांच्या पायी चौथी शेळी विकावी लागली. ती कचेरी कोणती, हे आम्ही सांगत नाही. सांगितले तर तुमच्यातले निम्मे म्हणतील, ‘आमचीही तीच’, आणि निम्मे म्हणतील, ‘आमची दुसरी, पण रीत तीच.’

आणि आम्ही काय केले? त्या बाईने आम्हास विचारले, “गुरुजी, याच्या वरती कुठं अर्ज करता येतो का?” आम्ही म्हणालो, “मावशी, धीर धरा. वर तक्रार केली तर साहेब चिडतील, आणि मिळायचे तेही जाईल.” शिकलेल्या माणसाचा सल्ला म्हणून तिने तो ऐकला.

पुढे एका शिक्षकमित्राकडे आम्हास लोकायुक्ताचा कायदा वाचायला मिळाला. त्यात लिहिले होते की, गाऱ्हाणे बारा महिन्यांच्या आत मांडावे. आम्ही बोटांवर महिने मोजले, चौदा भरले. तिच्या दारी जाऊन सांगून आलो की मुदत टळली, आता इलाज नाही. ती काही बोलली नाही. ओल्या मातीचा हात पदराला पुसून पुन्हा कामाला लागली. दोन महिन्यांनी तोच कायदा चाळत असता त्यातले पुढचे वाक्य आमच्या दृष्टीस पडले: उशिराचे सबळ कारण पटवून दिल्यास मुदतीनंतरही गाऱ्हाणे ऐकून घेता येते. मान खाली घालून पुन्हा तिच्या दारी गेलो. तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी गुरुजी, तुमी वाचलं, पण पान उलटलं न्हाई.”

पोरांना आम्ही रोज बजावतो, धडा पुरा वाचा म्हणून!

असो. त्या अर्जाचे पुढे काय झाले, ते ओघात येईल. आधी मूळ प्रश्न घेऊ. सरकारी अंमलदाराने अन्याय केला, किंवा नुसता कागद दाबून ठेवला, तर गरिबाने दाद कोठे मागावी? त्याच अंमलदाराकडे? चोराकडेच चोरीची फिर्याद नोंदवायची, तशी ही गत होते. त्याच्या वरच्याकडे? तो खालच्याचा अहवाल मागवतो, आणि खालचा लिहितो, सर्व ठीक आहे. कोर्टात जावे, तर तीन शेळ्यांसाठी वकिलाला दोन म्हशी द्याव्या लागतील. उरला पुढारी. तो भला असला तर फोन करतो. पण फोन करतो तो उपकार म्हणून, आणि उपकाराची वसुली पुढच्या निवडणुकीत होते.

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जखते जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दाद मागायला दारच नव्हते, म्हणून त्यांनी खतांची होळी केली. त्यानंतर सरकारला जाग आली, चौकशीचे कमिशन बसले, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याने सावकार व कूळ यांच्यात सलोखा घडवून आणणारी माणसे नेमली. कोर्टाची पायरी चढण्याआधी त्यांच्यापुढे जावे लागे. परंतु सलोखा करून पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते, निकाल देणे नव्हते. ही गोष्ट ध्यानात राहू द्या. थोड्या वेळाने तिचे काम पडणार आहे.

१८८५ च्या सुमारास आपल्याच जुन्नर तालुक्यातल्या कुळांनी दुसरी वाट काढली. सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायचेच त्यांनी सोडून दिले. रान पडीक राहिले, तेव्हा कोठे समोरच्यांना बोलणी सुचली. सत्यशोधक मंडळी या कुळांच्या पाठीशी उभी होती. आणि १८८८ साली जोतीराव फुले यांनी काय केले, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. विलायतेच्या राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यास मेजवानीला आला होता. जडजवाहिरांनी लखलखणाऱ्या त्या मंडळीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि राजपुत्राला तोंडावर सांगितले की, हे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थानची रयत नव्हे. रयत पाहायची तर खेड्यात जा. सर्व अंमलदारांच्या डोक्यावरून उडी मारून त्यांनी गाऱ्हाणे थेट वर नेऊन ठेवले.

परंतु बंधूंनो, रोज रोज कोणी राजपुत्र जेवायला येत नाही. होळी रोज पेटवता येत नाही. रान दरसाल पडीक टाकले तर आपलीच चूल विझते. कायम बसलेला, पगारी, पण सरकारच्या कचेरीचा मिंधा नसलेला असा कोणी माणूस पाहिजे, की ज्याचे कामच मुळी गाऱ्हाणी ऐकणे हे असेल.

असा माणूस प्रथम नेमला गेला तो दूर उत्तरेस, स्वीडन देशात. तेथील राजा बारावा चार्ल्स लढाई हरून तुर्कस्तानात अडकून पडला होता. राजा परदेशी, कारभारी मोकळे. मग काय व्हायचे ते झाले. १७१३ साली त्याने तिकडूनच हुकूम धाडला की, माझे कामगार कायद्याने वागतात की नाही हे पाहणारा एक अधिकारी नेमावा. पुढे १८०९ च्या राज्यघटनेत लोकप्रतिनिधींच्या सभेने आपला स्वतःचा असा अधिकारी नेमण्याचे ठरवले, आणि तो राजाच्या नव्हे तर सभेच्या बाजूने कारभारावर नजर ठेवू लागला. त्याला तिकडे ओम्बुड्समन म्हणतात. शब्द जिभेला जड आहे, सोडून द्या. डेन्मार्कने १९५५ साली, न्यूझीलंडने १९६२ साली आणि इंग्लंडने १९६७ साली ही रीत घेतली. इंग्लंडात मात्र एक मेख मारून ठेवली: तेथे सरकारी खात्याविरुद्धचे गाऱ्हाणे खासदाराच्या मार्फतच गेले पाहिजे. म्हणजे फिरून पुढाऱ्याचाच ओटा!

आपल्याकडे १९६६ साली मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासन सुधारणा आयोगाने शिफारस केली की, लोकपाल आणि लोकायुक्त असावेत. दिल्लीचा लोकपाल यायला अर्धशतक लागले. त्याचा कायदा २०१३ साली झाला आणि पहिला लोकपाल २०१९ साली बसला. महाराष्ट्राने मात्र १९७१ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असता, लोकायुक्त व उपलोकायुक्त यांचा कायदा केला, आणि २५ ऑक्टोबर १९७२ पासून तो अमलात आला. ओरिसाने त्याआधी, १९७० साली कायदा केला होता खरा. पण प्रत्यक्ष कचेरी उघडून माणूस बसवणारे पहिले राज्य आपले. ते साल आठवते का? बाहत्तरचा दुष्काळ. आमचे आजोबा त्या साली खडी फोडत होते. मुंबईस आपल्यासाठी एक दार उघडले आहे, हे त्यांच्या कानावर गेले नाही, आणि आमच्या वडिलांच्याही नाही. आमच्या कानावर आले तेही आमच्या चाळिशीत, आणि तेही अर्धवट.

आता तो कायदा काय म्हणतो ते सांगतो. येथे जरा नीट कान द्या. आम्ही पान उलटायला चुकलो तसे तुम्ही चुकू नका.

लोकायुक्त हा सामान्यतः सुप्रीम कोर्टाचा किंवा हायकोर्टाचा न्यायाधीश राहिलेला माणूस असतो. त्याची नेमणूक राज्यपाल करतात, पाच वर्षांसाठी. त्याच्या जोडीला उपलोकायुक्त. मंत्री आणि सचिव यांच्या कारभाराची चौकशी लोकायुक्ताकडे. त्यांच्या खालच्या अंमलदारांची सामान्यतः उपलोकायुक्ताकडे. आपली बहुतेक गाऱ्हाणी खालच्याच पायऱ्यांवरची असतात. तलाठ्याला २०२४ साली सरकारने ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले. नाव लांबले, नोंदीची वाट काही आखूड झाली नाही.

या कायद्यात दोन प्रकारच्या तक्रारी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळ अर्ज फुकट जातात. एक आहे गाऱ्हाणे आणि दुसरा आहे आरोप. कामगाराने गैरवाजवी, जुलमी किंवा दुजाभावाचे काम केले, हयगय केली, किंवा विनाकारण उशीर लावला, आणि त्यामुळे तुमच्यावर अन्याय झाला, तुम्हास नाहक त्रास झाला, तर ते गाऱ्हाणे. ‘विनाकारण उशीर’ हे शब्द मनात कोरून ठेवा. कामगाराने लाच मागितली पाहिजे, शिवी दिली पाहिजे, असे काही नाही. कागद नुसता उशाला घेऊन झोपला, तरी तो कायद्याने गैरकारभार होतो. आणि अंमलदाराने पदाचा उपयोग स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लाभासाठी केला, लाच खाल्ली, बेइमानी केली, असे म्हणणे असेल तर तो आरोप.

गाऱ्हाणे ज्याचे त्यानेच करावे लागते. तो वारला असेल किंवा त्याला करणे शक्य नसेल, तर त्याच्या वारसाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला करता येते. आरोप मात्र कोणीही करू शकतो; फक्त स्वतः सरकारी नोकर असलेला करू शकत नाही. म्हणजे पाहा, तुमचा आरोप आम्ही लिहून देऊ शकतो, पण त्यावर आमची सही चालत नाही. उलट आमच्या जिल्हा परिषदेच्या कारभाराविरुद्ध तुम्ही मात्र खुशाल लिहू शकता. हसू नका, खरेच सांगतो. शाळेची भिंत वर्षभर पडलेली राहिली तर लिहाच.

मुदत: गाऱ्हाण्याला, ती गोष्ट तुम्हास कळल्यापासून बारा महिने, आरोपाला, ती गोष्ट घडल्यापासून तीन वर्षे. मुदत टळली असल्यास कारण लिहावे, आणि ते खरे असावे. “अमुक महिन्यात मला सांगितले की कागद वर गेला आहे, थांबा, म्हणून मी थांबले,” हे कारण पुरेसे खरे आहे. फी एक पैसाही नाही. वकील लागत नाही. आरोपाला प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. तुरुंगातल्या कैद्याने लोकायुक्ताला पत्र लिहिले तर ते न उघडता पाठवावे, असेही कायद्यात आहे. कोठडीतल्या माणसाचे बंद पाकीट जर तेथवर पोचते, तर ओतूरच्या किंवा घोडेगावच्या टपालातून तुमचे का पोचू नये?

अर्ज गेल्यावर काय होते? तेथून त्या खात्याला विचारणा जाते: या बाईच्या अर्जाचे काय झाले, लेखी कळवा. खरी मौज येथेच आहे. जो कामगार तिला तोंडी ‘वर गेला’ म्हणून वाटेला लावत होता, त्याला आता तारखेनिशी लिहावे लागते की, कागद कोणत्या दिवशी कोणाकडे गेला. लिहायला बसले की पुष्कळदा असे आढळते की कागद वर गेलाच नव्हता. तो तेथेच टेबलाच्या खणात होता. तोंडी उत्तराला तारीख नसते. लेखी उत्तराला असते, आणि खाली सही असते. खात्याचे म्हणणे आल्यावर त्यावर तुमचे म्हणणे मांडता येते, गरज पडल्यास सुनावणी होते. चौकशी गुप्त राहते. गावभर दवंडी होत नाही.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे म्हणजे तुम्हास फसवणे होईल. १८७९ च्या त्या सलोखा करणाऱ्यांची आठवण ठेवा, असे मघाशी म्हटले होते. आपला १९७१ चा कायदाही त्यांचाच भाऊबंद आहे. लोकायुक्त हुकूम देत नाही, शिफारस करतो: अमुक मुदतीत या माणसाचा अन्याय दूर करावा. मुदत संपल्यावर महिन्याभरात खात्याने काय केले ते कळवावे लागते. समाधान झाले नाही तर तो राज्यपालांकडे खास अहवाल पाठवतो, आणि वर्षाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. पण त्याच्या हाती बेड्या नाहीत. दातांवाचूनचा वाघ, असे काही लोक हिणवतात. आम्हाला विचाराल तर निम्मे खरे आहे. मोठ्या माशाला शिफारशीने काही होत नाही. तो अहवाल कपाटात जातो. लहान कामगार मात्र लेखी जाबाला भितो, कारण तो जाब त्याच्या वरिष्ठाच्या टेबलावरून जातो. आणि आपली तीन शेळ्यांची कामे अडतात ती लहान कामगारापाशीच.

मोठ्या माशांसाठी दात बसवावेत म्हणून आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीस, अण्णा हजारे ३० जानेवारी २०१९ रोजी उपोषणास बसले होते. त्यांची एक मागणी नव्या, भक्कम लोकायुक्त कायद्याची होती. जुन्या कायद्यात मुख्यमंत्री चौकशीबाहेरच होता. त्याला आत आणणारे विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने मंजूर केले. पण त्यातही अट अशी की, मुख्यमंत्र्याची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सभासदांची मंजुरी हवी. ज्याच्यामागे बहुमत आहे म्हणून जो मुख्यमंत्री झाला, त्याच्याविरुद्ध दोन तृतीयांश मते कोठून आणायची, हे गणित आम्ही चौथीच्या वर्गाला घालणार नाही.

आणखी काही गोष्टी लोकायुक्ताच्या हद्दीबाहेर आहेत. न्यायाधीशांच्या कामाविरुद्ध तेथे जाता येत नाही. नोकरीतल्या नेमणुका, बदल्या, पगार या भानगडी तेथे चालत नाहीत. निवृत्तीनंतरची पेन्शन, ग्रॅच्युइटी, फंड अडला असेल तर मात्र चालते. ज्या गोष्टीला कोर्टात किंवा दुसऱ्या न्यायाधिकरणात दाद आहे, तेथे सामान्यतः आधी ती वाट धरा म्हणतात. बांधाचा भाऊबंदकीचा तंटा लोकायुक्ताकडे नेऊ नका. तो तुमचा आणि तुमच्या भावाचा गैरकारभार आहे, सरकारचा नव्हे.

तसेच सगळ्याच लढाया एकेकट्याच्या अर्जाने होत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी बांधवांच्या हिरड्याचे नुकसान झाले, आणि भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. तेथे अडचण एका कागदाची नव्हती, सरकार हिरड्याला पीक म्हणून मोजते की नाही याची होती. अशा वेळी सभा आणि मोर्चाच पाहिजे. पण मोर्चातल्या प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचा पंचनामा आणि त्याची पोच असली, तर तो मोर्चा निराळाच दिसतो.

थेट मुंबईस धावण्याआधी जवळच्या पायऱ्या आहेत, त्या दोन शब्दांत सांगतो. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने पुष्कळ दाखल्यांना व नोंदींना दिवस ठरवून दिले आहेत. दिवस उलटले तर अपील करता येते, आणि कसूर ठरल्यास कामगाराला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. आणि आपला कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस पडला, हे २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. उत्तर तीस दिवसांत यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला ते दहा रुपयेही माफ. ही माहिती हाती घेऊन मग लोकायुक्ताकडे गेलात, तर तुमचा अर्ज दुप्पट वजनाचा होतो.

आता अर्ज लिहायचा कसा? आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज ‘मायबाप सरकार’ येथून सुरू होतात आणि ‘मी फार गरीब आहे’ येथे संपतात. मधे काय मागितले आहे, ते शोधावे लागते. बंधूंनो, सरकार तुमचे मायबाप नाही, आणि तुमची गरिबी हा पुरावा नव्हे. कोणत्या तारखेला काय घडले, कोणत्या तारखेला कोणत्या कचेरीत कोणता अर्ज दिला, त्याचा आवक क्रमांक काय, कोणी काय उत्तर दिले, आणि तुम्हास नेमके काय पाहिजे, एवढे एका पानात बसते. राग असेल तो घरी ठेवून या. “सगळे चोर आहेत” असे लिहिलेत तर चौकशी करणारा म्हणतो, सगळ्यांचे नाव-पत्ते द्या.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे पोच. आपण पाटावर बसून जेवलो तर हात धुतल्यावाचून उठत नाही. पण कचेरीत अर्ज देतो आणि पोच घेतल्यावाचून उठतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. “शिक्का नंतर” म्हणाले तर तेथेच बसून राहा, किंवा पोस्टातून रजिस्टर करा आणि पावती जपून ठेवा. त्या कुंभारीण मावशीने चौदा महिन्यांत पाच अर्ज दिले होते. हाती एकाचीही पोच नव्हती. होते काय, तर पंचनाम्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या पोराने मोबाइलवर काढलेले एक चित्र, त्यावर तारीख उमटलेली. तेवढ्या एका चित्रावर आम्ही तिचा अर्ज उभा केला. उशिराचे कारण लिहिताना पेन अडखळले. तिला थांबायला सांगणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, आम्हीच होतो. तेही लिहिले. “गावच्या शिक्षकाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे” असे आमच्याच हाताने लिहिले, आणि तिने खाली अंगठा केला.

चार महिने काही आले नाही. मग तेथून पत्र आले की खात्याकडे विचारणा केली आहे. त्यानंतर तीन आठवड्यांत त्या कचेरीचा माणूस मोटारसायकलीवर तिच्या दारी आला. चौदा महिने तिला जी कचेरी सापडत नव्हती, तीच तिला शोधत आली. बँकेचे पासबुक मागितले, आधाराची नक्कल घेतली, “मावशी, आधीच सांगायचं नाही का?” असेही वर म्हणाला. पैसे जमा झाले.

शेळ्या मात्र तिने पुन्हा घेतल्या नाहीत. मधल्या काळात थोरला मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर लागला होता. त्याला शेळ्यांमागे हिंडायला वेळ नव्हता, आणि तिच्या गुडघ्यांत जोर उरला नव्हता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. वेळेवर आले असते तर त्याच पैशाचे शेळ्या-बोकड झाले असते, पोर कदाचित घरी राहिले असते. उशिरा आलेल्या पैशाचे घराचे पत्रे झाले.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आमच्या ओट्यावर आली. बरोबर शेजारची विधवा सून होती. नवऱ्याच्या मागे वारसाची नोंद अडलेली. आम्ही चष्मा काढून कागद हातात घेतो, तोच मावशी तिला म्हणाली, “पोच घेतली का गं? न्हाई? मग गुरुजींचा येळ घेऊ नको. आधी उद्या चावडीवर चल, मी येते संगं.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. दोन तास बसल्या, आणि शिक्का मारलेला कागद घेऊन आल्या. तारीख स्वच्छ उमटली आहे. आजपासून अकरा महिने सत्तावीस दिवस त्यांच्या हातात आहेत. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

ऊन उतरले. ज्यांना आपले कागद दाखवायचे आहेत त्यांनी शाळेच्या ओट्यावर यावे. कोरा कागद आमच्याकडे आहे. जुने अर्ज आणि सातबारा तेवढा बरोबर आणावा.